सरकार हरले, तर तुमच्या वकिलाची फी कोण देते?

‘दावा खर्चासह मंजूर.’ साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या कोर्टात शासनाविरुद्ध भांडलेल्या माणसाला निकालपत्राच्या शेवटी हे शब्द दिसले की वाटते, चला, वकिलाला मोजलेले पैसे तरी सुटले. ते सुटत नाहीत. हुकूमनाम्याची नक्कल हातात येते, तिच्या शेवटी खर्चाचा एक तक्ता असतो आणि त्यातली बेरीज पाहून पक्षकार वकिलाकडे संशयाने बघू लागतो. वकिलाचा त्यात काही दोष नसतो. तक्ताच तसा आहे.

सरकारविरुद्ध जिंकल्यावर किती पैसे परत मिळतात, ते कुठून येतात आणि आपल्या जिल्ह्यात एखाद्या खात्याने हरल्यावर असे एकूण किती पैसे भरले हे कसे शोधायचे, हे इथे सांगतो. शेवटचा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. खरे तर तो विचारायला दीड-दोनशे रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही.

तक्त्यात काय बसते, काय बसत नाही

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात हुकूमनाम्याचा नमुना दिलेला आहे. त्यातले खर्चाचे रकाने ठरलेले आहेत: दाव्यावरचा स्टॅम्प, वकीलपत्रावरचा स्टॅम्प, दस्तऐवजांवरचा स्टॅम्प, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणीचा खर्च. दहिवडीहून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला तारखेसाठी घातलेल्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, दुपारचे जेवण यांना रकानाच नाही. वकिलाच्या फीला आहे, पण त्यात तुम्ही प्रत्यक्ष दिलेली फी सहसा येत नाही. दाव्याच्या मूल्यांकनावरून नियमाप्रमाणे जी निघते, ती येते. या दोन आकड्यांतली तफावत तुमच्या खिशातून जाते.

सर्वोच्च न्यायालयाला हे खटकलेले आहे. २००५ साली सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, जिंकणाऱ्याला प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च मिळाला पाहिजे. २०१२ साली विधी आयोगाने याच विषयावर २४० वा अहवाल दिला. व्यापारी वादांपुरता कायदा २०१५ साली बदललाही. शेताच्या बांधाचा, वतनाच्या जमिनीचा किंवा नोकरीतल्या थकबाकीचा दावा मात्र अजून जुन्याच वाटेने जातो.

तरीही तक्त्यातली बेरीज वाढवण्याची एक सोय संहितेतच आहे आणि ती कुणी फारशी वापरत नाही. आदेश २०-अ प्रमाणे दाव्यापूर्वीच्या नोटिशीचा खर्च, दावा टाइप करून घेण्याचा खर्च, रेकॉर्ड तपासणीची फी, समन्स न काढता स्वतः आणलेल्या साक्षीदारांचा खर्च आणि अपिलासाठी घेतलेल्या निकालाच्या नकलांचा खर्च मागता येतो. सरकारविरुद्धच्या दाव्यात सहसा कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावीच लागते (राज्य शासनासाठी ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना देतात), म्हणजे पहिला खर्च ठरलेलाच आहे. यासाठी पावत्या लागतात. टायपिस्टकडून पावती मागायला लाज वाटते हे मला ठाऊक आहे, पण मागा. नोटिशीच्या स्पीड पोस्टाची पावती, नकलेच्या अर्जाची पावती, वकिलांनी दिलेली फीची पावती असे सगळे एका पाकिटात ठेवा आणि युक्तिवाद संपण्याआधी वकिलांना खर्चाचे लेखी विवरण दाखल करायला सांगा. निकाल लागल्यावर ते सुचून उपयोग नाही.

आणखी एक कलम लक्षात ठेवा, ३५ (२). जिंकलेल्या बाजूला खर्च न देण्याचे कोर्टाने ठरवले तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. शासनाविरुद्धच्या आदेशांत, विशेषतः हायकोर्टातल्या रिट याचिकांत, शेवटी ‘खर्चाबाबत आदेश नाही’ असे शब्द इतक्या सहज येतात की ते ठशाने उमटवल्यासारखे वाटतात. रिटचा मामला वेगळा आहे. दिवाणी दाव्यात मात्र कारण विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

सुरुवातीच्या खर्चाचेही सांगून टाकतो. कोर्ट फी दाव्याच्या मूल्यावर लागते आणि महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा २०१८ पासून १० लाख रुपये आहे. मालमत्ता, पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना १९९४ च्या शासन अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, कोठडीतले लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी तिथून मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. मोफत वकील म्हणजे कच्चा वकील, असे कट्ट्यावर बोलले जाते. ते खरे मानून वर्षभराची कमाई फीत घालण्याआधी प्राधिकरणाच्या कार्यालयात एकदा चौकशी करून या.

भूसंपादन: इथे कायदा तुमच्या बाजूने झुकतो

या दोन जिल्ह्यांत सरकारविरुद्ध उभे राहण्याचे सर्वांत मोठे कारण जमीन आहे. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा ही धरणे, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे कालवे, पुणे-बंगळुरू महामार्गाचे रुंदीकरण, मिरजेवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग यांसाठी जमिनी गेल्या. मोबदला कमी वाटला म्हणून लोकांनी ‘रेफरन्स’ केले, म्हणजे वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण कोर्टाकडे पाठवायला लावले, आणि त्यांतली काही प्रकरणे बापाने सुरू केली नि नातवाने संपवली.

या प्रकरणांत खर्चाचा नियम साध्या दाव्यापेक्षा बरा आहे. जुन्या १८९४ च्या कायद्याचे कलम २७ आणि नव्या २०१३ च्या कायद्याचे कलम ७१ एकच गोष्ट सांगतात: जिल्हाधिकाऱ्यांचा निवाडा टिकला नाही, तर खर्च सर्वसाधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांनीच द्यायचा. शेतकऱ्याने अवाच्या सवा रक्कम मागितली असेल किंवा निवाड्याच्या वेळी आपली बाजू मांडण्यात हयगय केली असेल, तरच त्यातून कपात होते. शिवाय रेफरन्सच्या निवाड्यात हा खर्च किती, तो कुणी नि किती प्रमाणात द्यायचा, हे लिहिणे बंधनकारक आहे. म्हणजे प्रत्येक वाढीव निवाड्याच्या कागदावर सरकारने हरल्याबद्दल द्यायचा आकडा असतो. तो सार्वजनिक कागद आहे.

इथे मुदतीही सांगायला हव्यात, कारण मुदत हुकली तर पुढचे सगळे फुकट जाते. निवाडा तुमच्या समक्ष झाला असेल तर रेफरन्सचा अर्ज सहा आठवड्यांत करायचा. समक्ष नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतले जे आधी संपेल तोवर. नव्या कायद्यात सबळ कारण दिले तर त्यापुढे वर्षभराची सवलत मिळू शकते. आणि शेजाऱ्याने रेफरन्स जिंकला, तुम्ही मात्र केलाच नव्हता, तर त्याच अधिसूचनेतल्या जमिनीसाठी नव्या कायद्याच्या कलम ७३ खाली त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत फेरनिश्चिती मागता येते. यात वकिलाचा खर्च जवळपास नाहीच. गावोगाव लोकांनी हे न कळल्यामुळे पैसे सोडून दिले आहेत.

महामार्गाच्या जमिनीचे गणित वेगळे आहे. तिथे राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-जी (५) खाली लवाद असतो. लवाद कायद्यात २०१५ पासून आलेले कलम ३१-अ सांगते की हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यायचा, हाच सर्वसाधारण नियम. लवादापुढे खर्चाची मागणी लेखी केलेली नसेल, तर निवाड्यात ती येईल अशी आशा धरू नका.

ग्राहक आयोगाचा सरळ हिशोब

महावितरणसारख्या सरकारी मालकीच्या कंपनीशी भांडण असेल तर जिल्हा ग्राहक आयोग परवडतो. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे. वकील नसला तरी चालतो.

आयोगाचा आदेश वाचायला सोपा असतो. ‘शारीरिक व मानसिक त्रासापोटी’ एक रक्कम आणि ‘तक्रारीच्या खर्चापोटी’ दुसरी, अशी ती वेगवेगळी लिहिलेली असते. हरलेल्याने खर्च म्हणून किती भरायचे हे त्यातून थेट कळते. दिवाणी कोर्टाच्या तक्त्याने यापासून शिकायला हरकत नाही.

तिजोरीतून हे पैसे कसे निघतात

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एकेका हुकूमनाम्यात खर्चाचा आकडा असतो. सातारा जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत पाटबंधारे खात्याने किंवा महसूल खात्याने जिंकलेल्या लोकांना मिळून किती खर्च दिला, हा आकडा मात्र सहज दिसेल असा कुठे मांडलेला नसतो. त्याचे एक कारण राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद २०२ (३) प्रमाणे कोर्टाचा निकाल, हुकूमनामा किंवा निवाडा यांची पूर्तता करण्यासाठी लागणारी रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असते. भारित रकमेवर विधानसभेत चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ अशा वेगळ्या रकमा दिसतात. कोर्टाच्या आदेशाने जाणारा पैसा या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

तरतूद शहाणपणाचीच आहे. नाहीतर विधानसभेला मत नाकारून कोर्टाचा हुकूम निष्फळ करता आला असता. पण तिचा एक परिणाम असा की मूळ मोबदला, व्याज आणि प्रतिपक्षाचा खर्च असे सगळे एकाच गाठोड्यात जाते. आत किती खर्च आणि किती मोबदला, हे बाहेरून दिसत नाही.

दुसरी बाजू पाहा. सरकार स्वतःच्या वकिलांना काय देते, हे त्या मानाने उघड असते. जिल्हा सरकारी वकिलांची नेमणूक आणि मानधन १९८४ च्या विधी अधिकारी नियमांनी चालते. गाजलेल्या प्रकरणांत विशेष वकील नेमला तर त्याचा शासन निर्णय निघतो. माहिती अधिकारानेही हे आकडे बाहेर आलेले आहेत. २०२० साली अभिनेत्री कंगना रनौत यांच्या बांधकामाच्या खटल्यात मुंबई महापालिकेने आपल्या ज्येष्ठ वकिलांना ८२ लाखांहून अधिक फी दिल्याचे माहिती अधिकारातल्या उत्तरावरूनच लोकांना कळले. तो खटला महापालिका हरली. बातमी झाली ती तिच्या स्वतःच्या वकिलांच्या फीची. हरल्यावर समोरच्याला काय द्यावे लागते, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न कायद्यापर्यंत गेला. तिथे १९८० च्या एका कायद्याने केंद्र सरकारविरुद्ध जिंकणाऱ्या सामान्य माणसाला आणि छोट्या उद्योगाला वकिलाची फी सरकारकडून मिळू शकते. सरकारची भूमिका वाजवी होती असे सिद्ध झाले तर ती नाकारता येते. सुरुवातीला अशा देयकांचा वार्षिक अहवाल निघायचा. १९९५ मध्ये तो बंद पडला आणि पुढची वीसेक वर्षे कुणी किती दिले याचा एकत्रित हिशोबच राहिला नाही. २०१९ मध्ये कायदा करून वार्षिक अहवाल आणि शोधता येईल अशी यादी पुन्हा बंधनकारक केली गेली. आपल्याकडे केंद्रीय विधी मंत्रालयाची ‘लिम्ब्स’ नावाची खटल्यांची नोंद-प्रणाली आहे, पण ती खात्यांच्या कामासाठी आहे. कुणाला किती खर्च दिला हे नागरिकाने तिथे शोधावे, यासाठी ती बनवलेली नाही.

दहा रुपयांचा अर्ज

म्हणून आकडा हवा असेल तर तो आपणच गोळा करायचा. दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकत्र वापरायच्या.

पहिली वाट फुकट आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अॅपवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घ्या. ‘महाराष्ट्र राज्य’, ‘जिल्हाधिकारी सातारा’, ‘विशेष भूसंपादन अधिकारी’, ‘कार्यकारी अभियंता’ अशी नावे आलटून पालटून टाका, शक्यतो इंग्रजी स्पेलिंगने, कारण नोंदी बहुतेक तशाच असतात. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. निकाल अपलोड झालेला असेल तर तो मोफत उतरवता येतो. खर्चाच्या तक्त्यासकट हुकूमनामा हवा असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज कोर्टात करू नका. २०२० साली गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, न्यायिक कागद कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मागावेत. तुम्ही पक्षकार नसाल तर अर्जात कारण द्यावे लागते.

दुसरी वाट माहिती अधिकाराची, आणि ती ज्या कार्यालयाने पैसे दिले त्याच्याकडे जाते. इथेच बहुतेक अर्ज चुकतात. सरकारी वकिलांच्या कार्यालयातून पैसे जात नाहीत. पैसे खात्याकडून जातात: भूसंपादनात जिल्हाधिकारी कार्यालयातली भूसंपादन शाखा आणि जिच्यासाठी जमीन घेतली ती संस्था (इकडच्या सिंचन योजनांत बहुधा महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ), रस्त्यांच्या प्रकरणात सार्वजनिक बांधकाम विभाग, शिक्षकांच्या प्रकरणात जिल्हा परिषद, घरपट्टी किंवा बांधकामाच्या भांडणात सांगली-मिरज-कुपवाड महापालिका किंवा सातारा नगरपालिका. राष्ट्रीय महामार्ग असेल तर ते केंद्र सरकारचे काम. तिथे पहिल्या अपिलाला फी नाही आणि दुसरे अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते.

राज्याच्या कार्यालयासाठी अर्जाची फी १० रुपये आहे. साध्या अर्जावर दहाचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झाले. छायाप्रतीला पानामागे २ रुपये. फाइल समोर बसून पाहायची असेल तर पहिला तास मोफत. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला काहीच फी नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्यानंतर मिळणारी माहिती फुकट मिळाली पाहिजे. पहिल्या अपिलाला २० रुपये, दुसऱ्याला २० रुपये. साठ पानांच्या प्रती घेतल्या आणि दोन्ही अपिलांपर्यंत गेलात, तरी फीचा हिशोब १७० रुपये, वर टपाल. राज्याच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावर तुमचे कार्यालय यादीत असेल तर घरबसल्याही होते.

राज्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी अट आहे. त्यात बसणारा मजकूर असा:

‘विषय: न्यायालयीन निर्णयांनुसार प्रतिपक्षाला दिलेला खर्च. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५. आवश्यक माहिती: (१) आपल्या कार्यालयातील न्यायालयीन प्रकरणांच्या नोंदवहीची वरील कालावधीची छायाप्रत. (२) या कालावधीत दाव्याचा खर्च, दंडखर्च किंवा न्यायालयाने वाढवलेला मोबदला देण्यासाठी काढलेले मंजुरी आदेश आणि कोषागारात पाठवलेली देयके यांच्या छायाप्रती. (३) अशी रक्कम जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करण्याचे आदेश निघाले असल्यास त्यांच्या छायाप्रती. प्रतिपक्षाचे बँक खाते, पत्ता व आधार क्रमांक झाकून प्रती द्याव्यात. प्रतींपूर्वी फाइलचे अवलोकन करू द्यावे.’

शब्द जाणूनबुजून निवडले आहेत. ‘गेल्या पाच वर्षांत एकूण किती खर्च दिला ते सांगा’ असे विचारलेत, तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर येईल आणि ते कायद्यात बसेल. अधिकाऱ्याने नवी माहिती तयार करून द्यावी असे कायदा सांगत नाही, हे २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट झाले आहे. म्हणून असलेले कागद मागायचे आणि बेरीज आपण करायची.

नकार आला तर

बहुतेक नकार तीन-चार ठरलेल्या साच्यांत येतात. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हा सर्वांत लाडका. कायद्यात मात्र असे कारणच नाही. कलम ८ (१) (ख) सांगते की कोर्टाने प्रसिद्धीला स्पष्ट मनाई केली असेल किंवा माहिती दिल्याने कोर्टाचा अवमान होत असेल, तरच नकार. नुसता खटला चालू आहे म्हणून नाही. मंजूर होऊन दिलेल्या देयकाला तर ते मुळीच लागू नाही.

‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ हा दुसरा नकार. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती देण्याची मुभा आणखी आकसली आहे, म्हणून अर्जातच बँक खाते, पत्ता नि आधार क्रमांक झाकायला सांगितले. झाकून उरलेला भाग देण्याची सोय कलम १० मध्ये आहे आणि मोठ्या लोकहितासाठी कलम ८ (२) शिल्लक आहे. खटल्याचा क्रमांक आणि रक्कम एवढे मिळाले तरी पुरते. क्रमांकावरून निकाल तुम्ही स्वतः उघडून पाहू शकता, आणि तो आधीपासूनच सर्वांना खुला आहे.

‘हे आमच्या कार्यालयाकडे नाही’ असे म्हटले तर कलम ६ (३) दाखवा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे हे त्यांचेच काम. पहिले अपील तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, दुसरे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. आयोगाकडे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. तिथेच तडजोडीने निम्मे कागद पदरात पडतात. उशीर किंवा नकार विनाकारण असेल, तर कलम २० खाली माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

महापालिका आणि नगरपालिकांसाठी आणखी एक जागा आहे. स्थायी समितीचे किंवा सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मागा. न्यायालयीन खर्चाचे विषय त्यात मंजुरीसाठी येतात आणि कोणत्या खटल्यापोटी किती, हे ठरावातच दिसू शकते.

अधिकाऱ्याच्या खिशातून किती

अर्जातला तिसरा मुद्दा पाहून कुणी हसेल. कोण अधिकारी स्वतःच्या पगारातून भरतो? पण त्याला आधार आहे. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अधिकाऱ्याच्या छळवणुकीमुळे सरकारला भरपाई द्यावी लागली तर ती जबाबदार व्यक्तीकडून वसूल व्हावी, करदात्याने का सोसावी? सेलम प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. कलम ८० च्या नोटिशीला उत्तर दिले नाही किंवा गोलमाल उत्तर दिले, तर कोर्टाने शासनाला भरघोस खर्च लावावा आणि संबंधित अधिकाऱ्यावर कारवाई करायला, त्यात खर्चाच्या वसुलीलाही, सांगावे. आता तुमच्या ओळखीत कुणी कलम ८० ची नोटीस दिली असेल तर तिला काय उत्तर आले ते विचारा. त्या उत्तराची, किंवा ते आलेच नाही याची, प्रत वकिलांनी युक्तिवादात पुढे करायला हवी.

मात्र दंडखर्च म्हणून लावलेले सगळे पैसे जिंकणाऱ्याच्या हाती येतात असे समजू नका. २०२० साली मध्य प्रदेश सरकारने शेकडो दिवस उशिरा अपील आणले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २५,००० रुपये लावले आणि ते उशिराला जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. पैसे गेले मध्यस्थी समितीकडे. विरुद्ध बाजूच्या माणसाला त्यातले काही मिळाले नाही. म्हणून आदेश वाचताना ‘कुणाला द्यायचे’ हा भाग आधी पाहा. आपल्या यादीतही खर्च आणि दंडखर्च हे दोन वेगळे रकाने ठेवा.

मिळवायचे कसे, आणि उशिराची किंमत

हुकूमनामा हाती आला तरी सरकारविरुद्ध त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त लगेच करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तीन महिने थांबावे लागते. त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर दरखास्त आणि मग जप्ती. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गाड्या आणि खुर्च्या जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या या टप्प्यावरच्या. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे, पण खर्चाची रक्कम लहान म्हणून ती मागायची राहून जाते. मूळ रकमेसोबतच दरखास्तीत टाका.

शासनाने अपील केले तर आता निदान प्रवास आखूड झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. सांगलीहून ते पन्नासेक किलोमीटर, साताऱ्याहून सव्वाशेच्या आसपास. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते आणि मुंबईतला मुक्काम वाचतो. हा वाचलेला पैसा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण तुमच्या हिशोबात धरा.

भूसंपादनाची यादी मिळाली की शेवटी एक काम करा. प्रत्येक खटल्यासमोर दोन तारखा लिहा, निवाड्याची आणि देयक मंजूर झाल्याची. वाढीव मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज लागते. दहा लाखांची वाढ पाच वर्षे अडली, तर पहिल्या वर्षाचे ९०,००० आणि पुढच्या चार वर्षांचे ६ लाख, म्हणजे ६ लाख ९० हजार रुपये नुसते व्याज. त्या खटल्यात तुमच्या वकिलाच्या फीपोटी सरकारने दिलेला खर्च बहुधा काही हजारांत असेल. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. ग्रामसभेत किंवा जिल्हा परिषदेच्या तुमच्या सदस्यासमोर ठेवायला एवढा कागद पुरतो. देयकाची तारीख अर्जात मागितली नसेल, तर १० रुपयांचा दुसरा अर्ज करा.